नैवाशाला जाताय? पाहुण्यांनी विचारलेले प्रश्न आणि आमची उत्तरं

आम्ही काही वर्षांपासून नैरोबीत राहतो. जून ते सप्टेंबर घरी पाहुण्यांचा राबता असतो आणि बहुतेकांच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘नैवाशा : एक मुक्काम, बोट राइड’ अशी एक ओळ असते. मसाई मारा या अभयारण्याच्या वाटेवर पाय मोकळे करायची जागा, एवढीच त्याची पत. त्या ओळीवर आमचा जुना राग आहे. दरवेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढलं.

नैवाशा नेमकं आहे कुठं?

केनियातलं हे तळं, काठच्या त्याच नावाच्या गावासकट, नैरोबीच्या वायव्येला, साधारण ९० किलोमीटरवर, ग्रेट रिफ्ट व्हॅली नावाच्या प्रचंड खचदरीच्या तळाशी. पण तळाशी म्हणजे खाली, असं समजू नका. तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरचं. म्हणजे इथल्या बोटीत बसलेला माणूसही कळसूबाईच्या कितीतरी वर असतो. त्यामुळे विषुववृत्त जवळ असूनही रात्री स्वेटर लागतो. ‘आफ्रिकेत कसली थंडी’ म्हणून हसलेले सगळे पाहुणे पहाटे आमच्या शाली मागतात.

एक रात्र पुरेल ना?

नाही. दोन हव्यात. जेवायच्या सुमाराला पोचायचं, दुपारी बोट, सकाळी नाश्ता करून माराकडे, या हिशोबात तुम्ही तळ्याच्या सगळ्यात वाईट वेळी तळ्यात असता आणि सगळ्यात चांगल्या वेळी ऑम्लेटच्या रांगेत. दोन रात्री असतील तर एक पूर्ण सकाळ पाण्यावर आणि दुसरी हेल्स गेट या राष्ट्रीय उद्यानाला देता येते. डोंगर चढायचा असेल तर तिसरी रात्र.

मे महिन्याच्या सुट्टीत येऊ की दिवाळीत?

दोन्ही सुट्ट्या इथल्या पावसावर येतात, हे आपलं दुर्दैव. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. कोरडे महिने म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते सप्टेंबर. तरी घाबरू नका. इथला पाऊस कोकणातल्यासारखा चार-चार दिवस लागून राहत नाही. बहुधा दुपारनंतर कोसळतो आणि सकाळ स्वच्छ असते. मे अखेरीला सगळं हिरवंगार असतं, गर्दी नसते आणि खोल्या स्वस्त असतात. हेल्स गेटची घळ तेवढी पावसात विसरायची. त्याबद्दल पुढे सविस्तर.

एक गोष्ट मात्र आरक्षणाआधी पाहाच. २०२१ पासून जागतिक मोटार शर्यतींतली सफारी रॅली नैवाशाच्या आसपास होते. आधी ती जूनमध्ये असायची, २०२५ मध्ये मार्चमध्ये झाली. त्या आठवड्यात गावात खोली मिळत नाही आणि मिळालीच तर रात्रभर झोप मिळत नाही.

बोटीतून काय दिसतं? किती वाजता जावं?

सकाळी. शक्यतो साडेसात-आठच्या आत.

‘नैवाशा’ हे मसाई भाषेतल्या ‘नाइपोशा’चं इंग्रजांनी केलेलं रूप. अर्थ खवळलेलं पाणी. सकाळी हे नाव कुणी चेष्टेनं ठेवलंय असं वाटतं, इतकं पाणी शांत असतं. दुपार झाली की दरीतून वारा सुटतो आणि नावाचा खुलासा होतो. आमच्या मावशींना एका सहल कंपनीनं साडेतीनला बोटीत बसवलं होतं. परत आल्या तेव्हा नऊवारी गुडघ्यापर्यंत ओली आणि तोंडी रामरक्षा. पक्षी कोणते दिसले, विचारल्यावर म्हणाल्या, “मी डोळेच उघडले नाहीत.”

सकाळी गेलात तर मोजदाद सुटेल इतके पक्षी. तळ्याच्या परिसरात ४०० च्या वर जातींची नोंद आहे. उजनी किंवा भिगवणला जाणाऱ्यांना बरेच चेहरे ओळखीचे वाटतील : पाणकावळे, कवड्या खंड्या, राखी बगळे, कमळपक्षी. पेलिकन, म्हणजे आपला झोळीवाला, इथं थव्याथव्यानं असतो. पण मानकरी तो मत्स्यगरुड. पांढरं डोकं, तांबूस पोट, काळे पंख, आणि मान मागे टाकून मारलेली आरोळी अशी की एकदा ऐकली की विसरत नाही.

बोटवाले त्याला शीळ घालून बोलावतात आणि मासा पाण्यावर फेकतात. गरुड झाडावरून सुटतो आणि बोटीपासून हातभर अंतरावर मासा उचलून नेतो. फोटो झकास येतो. आम्हाला मात्र तो प्रकार फारसा रुचत नाही. मासा तरंगावा म्हणून कधी कधी त्याच्या पोटात लव्हाळ्याचा तुकडा खुपसलेला असतो आणि गरुडाच्या पोटात तोही जातो. तुम्ही ‘नको’ म्हणालात तर बोटवाला आग्रह करत नाही. थोडं थांबायची तयारी ठेवा, गरुड आपण होऊनही मासे पकडतो.

भाडं माणशी नसतं, बोटीचं तासावर असतं. आधी ठरवा, मगच बसा. लाइफ जॅकेट नसेल त्या बोटीत पाय ठेवू नका.

पाणघोडे खरंच इतके धोकादायक असतात का? चित्रात तर गरीब वाटतात.

चित्रात वाघही गरीब वाटतो. पाणघोडा दिवसभर पाण्यात बुडून पडलेला असतो, वर फक्त कान, डोळे आणि नाकपुड्या. रात्री तो गवत खायला बाहेर येतो, चांगला एक-दीड किलोमीटरही चालतो. दीड टनाचं हे धूड धावताना माणसाला सहज गाठतं. तो तुम्हाला खायला येत नाही. तुम्ही त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे आहात, एवढाच गुन्हा त्याला पुरतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तळ्याकाठी फोटो काढणारा एक तैवानी पर्यटक असाच दगावला. इथल्या कोळ्यांवर तर हल्ले होतच असतात, त्यांची बातमी परदेशात जात नाही इतकंच.

म्हणून तीन गोष्टी. बोट पाणघोड्यांच्या कळपाजवळ न्यायला बोटवाल्याला भरीस घालू नका. जास्तीच्या बक्षिशीपायी तो कधी कधी तयार होतो. अंधार पडल्यावर काठाच्या हिरवळीवर शतपावलीला जाऊ नका. बहुतेक ठिकाणी विजेचं कुंपण असतं आणि खोलीपर्यंत सोडायला रखवालदार येतो, त्याच्याबरोबरच जा. आणि रात्री खिडकीखाली कुणी गाडी सुरू करतंय असा आवाज आला, तर ती गाडी नसते. पडदा हळूच बाजूला सारा आणि मजेत बघा. स्वाहिलीत त्याला ‘किबोको’ म्हणतात.

क्रेसेंट आयलंडला वेगळं काय आहे?

तिथं तुम्ही जिराफांमधून पायी चालता. बस, एवढंच. आणि एवढ्यासाठीच आम्ही प्रत्येक पाहुण्याला तिथं ओढून नेतो.

हे बेट म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाची वर राहिलेली कड, म्हणून आकार चंद्रकोरीसारखा. तळ्याची सरासरी खोली पाच-सहा मीटर असली तरी सगळ्यात खोल पाणी या कोरीच्या पोटात आहे. बेट खासगी अभयारण्य आहे आणि इथं सिंह, बिबटे, तरस नाहीत. त्यामुळे जिराफ, झेब्रे, विल्डबीस्ट, वॉटरबक आणि हरणं निवांत चरतात आणि तुम्ही वाटाड्याबरोबर त्यांच्यातून फिरता. मारामध्ये जनावर कितीही जवळ आलं तरी मध्ये गाडीचा पत्रा असतो. इथं जिराफ पाला ओरबाडतो त्याचा आवाज ऐकू येतो. आमच्या सात वर्षांच्या भाचीनं मारा, सिंह, चित्ता सगळं पाहिलं. घरी जाऊन निबंध लिहिला तो जिराफाच्या पापण्यांवर.

चालणं दीड-दोन तासांचं, सपाट-चढाचं. टोपी हवी.

फ्लेमिंगो दिसतील का?

मुख्य तळ्यात सहसा नाही, कारण ते गोड्या पाण्याचं आहे. फ्लेमिंगोंचं मुख्य खाणं असलेलं शेवाळ खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात वाढतं. रिफ्ट व्हॅलीच्या केनियातल्या भागात बहुतेक तळी तशीच खारी. नैवाशा आणि उत्तरेकडचं बारिंगो ही दोनच मोठी गोडी. गंमत म्हणजे नैवाशातून एकही नदी बाहेर पडत नाही. मालेवा आणि गिलगिल या नद्या पाणी आणून टाकतात. उन्हानं ते आटत गेलं की तळं खारं व्हायला हवं. होत नाही, कारण पाणी जमिनीखालून झिरपून निघून जातं आणि क्षार सोबत घेऊन जातं.

पश्चिमेकडचं छोटं ओलोइडेन पूर्वी याच तळ्याचा भाग होतं. पाणी ओसरलं तेव्हा ते तुटलं, खारं झालं आणि तिथं फ्लेमिंगो आले. मग पाणी चढलं आणि दोन्ही तळी पुन्हा एक झाली. तेव्हा फ्लेमिंगोंचं वचन कुणी देत असेल तर ‘या आठवड्यात पाहिले का?’ असं विचारा. हमखास बघायचे तर एलमेंटाइटा किंवा बोगोरियाकडे जा. नाकुरूचे जुने गुलाबी फोटो बघून नाकुरूला जाऊ नका. तिथलंही पाणी वाढून पातळ झालंय. नाकुरूला जायचं ते गेंड्यांसाठी.

हेल्स गेट म्हणजे काय? आणि तिथं खरंच सायकल चालवतात?

हो. आणि केनियातल्या सगळ्या सहलीतून एकच सकाळ निवडायला सांगितली तर आम्ही हीच निवडू.

हेल्स गेट हे १९८४ साली झालेलं राष्ट्रीय उद्यान, ६८ चौरस किलोमीटरचं, तळ्याच्या दक्षिणेला. केनियातल्या बहुतेक उद्यानांत गाडीतून उतरायला बंदी. इथं मात्र पायी आणि सायकलवर मुभा आहे. साउथ लेक रोडवरच्या फाट्यावर सायकली भाड्यानं मिळतात. ब्रेक, चेन आणि सीट तपासून घ्या. रंग बघून घेऊ नका. आमच्या एका चुलतभावानं सुंदर लाल सायकल घेतली आणि परतीचे आठ किलोमीटर ती हातात धरून चालला.

एल्सा गेटमधून आत शिरलं की दोन्ही बाजूंना तांबडे कातळकडे आणि मधून सपाट मातीचा रस्ता. लगेचच डावीकडे एक एकटा सुळका दिसतो, फिशर्स टॉवर. १८८३ च्या सुमाराला इथून गेलेल्या गुस्ताफ फिशर या जर्मन प्रवाशाचं नाव त्याला आहे, पण मसाईंची गोष्ट त्याहून जुनी आणि चांगली. लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीला सांगितलं होतं, मागे वळून पाहायचं नाही. तिनं पाहिलं आणि ती तिथंच दगड झाली. आपल्याकडे भक्तानं वळून पाहिलं म्हणून देव गावाच्या वेशीवर थांबला, अशी गोष्ट दर चार देवळांमागे एका देवळाची असते. आईनं ही कथा ऐकली आणि त्या सुळक्याला हात जोडले.

सुळक्यावर गिर्यारोहक दोर लावून चढतात. खडकांत घुशीएवढे हायरॅक्स ऊन खात बसलेले असतात. दिसतो उंदराच्या भावकीतला, पण नातं हत्तीशी. पुढे झेब्रे, जिराफ, हार्टेबीस्ट, रानडुकरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. जपायचं ते रानरेड्यांना. रस्त्यात रेडा असेल तर थांबा, गाडी येईल तिच्या आडोशानं पुढे जा. घंटी वाजवू नका. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका.

ती प्रसिद्ध घळ बघता येते का?

ओल न्जोरोवा नावाची घळ उद्यानाच्या आतल्या टोकाला आहे. पाण्यानं घासून गुळगुळीत केलेल्या भिंती, कुठे हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील इतक्या अरुंद, आणि मधूनच कढत पाण्याचे झरे. सांदण दरी केलेल्यांना कल्पना येईल.

तिचा धोकाही सांदणसारखाच आहे. डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या डोंगरात पाऊस झालेला असतो. पाणी क्षणात येतं आणि वर चढायला जागा नसते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ च्या सप्टेंबरमध्ये इथं प्रत्येकी सात माणसं वाहून गेली. त्यानंतर घळ बंद झाली. आज आत सोडतात का आणि कुठवर, हे गेटवरच्या वनरक्षकाला विचारा आणि तो ‘नाही’ म्हणाला तर वाद घालू नका. ‘आम्ही सह्याद्रीत फिरतो’ हे वाक्य तिथं कामाचं नाही. वरून, काठावरूनही घळ चांगली दिसते.

डोंगरातून वाफ निघताना दिसते, ते काय आहे?

ओलकारिया. जमिनीखाली खोलवर तापलेल्या खडकांतली वाफ नळानं वर आणून तिच्यावर वीज करतात. पहिलं जनित्र १९८१ मध्ये सुरू झालं आणि आज केनियाच्या विजेचा जवळजवळ निम्मा वाटा भूगर्भातल्या उष्णतेतून येतो, त्यातला बहुतेक इथून. उद्यानात चंदेरी नळ आडवेतिडवे गेलेले दिसतात. जिराफांना वाट राहावी म्हणून काही ठिकाणी ते कमानीसारखे उंच नेलेत. काहींना हे दृश्य खटकतं. आम्हाला झेब्र्यांच्या मागे फुसफुसणारी ती वाफ आवडते. हा सगळा मुलूख अजून आतून जिवंत आहे, हे नकाशापेक्षा तिच्यामुळे जास्त कळतं.

तिथल्याच उष्ण पाण्याचा एक मोठा निळसर तलाव लोकांना डुंबायला केला आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवतील, फक्त देऊळ नाही.

लोंगोनोट चढायला जमेल का? मी आठवड्याला सिंहगड करतो.

मग जमेल, पण सिंहगडाच्या वेळेत नाही. लोंगोनोट हा निद्रिस्त ज्वालामुखी, २,७७६ मीटर उंच. शेवटचा उद्रेक १८६० च्या दशकात झाला असावा असं मानतात. गेट सुमारे २,१५० मीटरवर आहे, म्हणजे चढाई सिंहगडाच्या पायवाटेएवढीच, सहाशे मीटरच्या आसपास. फरक हवेचा. इथली हवा विरळ आहे आणि पहिल्या वीस मिनिटांत ते छातीला समजतं.

गेटपासून मुखाच्या कडेपर्यंत तीन किलोमीटरची वाट. शेवटचा टप्पा ज्वालामुखीच्या राखेचा, घसाऱ्याचा. कोरड्या दिवसांत बूट पांढरे होतात. वर पोचलात की समोर एकदम मोठी परात ठेवल्यासारखं मुख, आणि परातीच्या तळाशी घनदाट जंगल. आत लाव्हा असेल अशी आशा धरून आलेले क्षणभर गप्प होतात, मग तिथंच बसून राहतात.

इथून परतलात तरी चालेल. उरलेल्या हौशी मंडळींसाठी कडेवरून पूर्ण फेरी आहे, ७.२ किलोमीटरची, आणि शिखर त्या फेरीत आहे. कागदावर ती सपाट वाटते. प्रत्यक्षात कड करवतीसारखी खालीवर होते आणि काही ठिकाणी दोन्ही हात टेकावे लागतात. सगळं मिळून साडेतेरा किलोमीटर, चार ते सहा तास. वर पाणी नाही, सावली नाही. माणशी तीन लिटर पाणी न्या आणि सातच्या सुमाराला चढायला लागा.

लोणारसारखं तळं आहे म्हणतात, ते कोणतं?

सोनाची, नैवाशाच्या पश्चिमेला. खोलगट मुखात साठलेलं सोड्याचं पाणी, सूक्ष्म शेवाळामुळे हिरवंगार, भोवती काटेरी बाभळींचं रान आणि त्यात काळी-पांढरी कोलोबस माकडं. बघताक्षणी विदर्भातला माणूस ‘लोणार!’ म्हणतोच. वंशावळ मात्र वेगळी : लोणार आकाशातून पडलेल्या उल्केनं खणलं, सोनाची जमिनीतून फुटलेल्या ज्वालामुखीनं. निम्म्या दिवसाचं काम. पूर्ण सहलीत एकच गोष्ट गाळायची वेळ आली तर ही गाळा.

एल्सामेअर काय आहे?

एल्सा नावाच्या सिंहिणीला वाढवून पुन्हा जंगलात सोडणाऱ्या जॉय अॅडमसन यांचं तळ्याकाठचं घर. आता छोटं संग्रहालय आहे. त्यांनी काढलेली चित्रं, टाइपरायटर, जुनी जीप आणि दुपारी हिरवळीवर केक-बिस्किटांसह चहा. कोलोबस माकडं झाडावरून त्या केकवर लक्ष ठेवून असतात. हेल्स गेटच्या एल्सा गेटचं नाव याच सिंहिणीवरून. जॉय यांचा जानेवारी १९८० मध्ये आणि त्यांचे पती जॉर्ज यांचा १९८९ मध्ये, दोघांचाही खून झाला, हे तिथं गेल्यावर कळतं आणि चहा जरा कडवट लागतो.

गुलाबांची शेती बघता येते का?

तुम्ही न बघायचं ठरवलंत तरी दिसते. तळ्याच्या दक्षिण काठानं मैलच्या मैल पॉलिहाउस पसरलीत. युरोपात विकल्या जाणाऱ्या गुलाबांतला मोठा वाटा केनियाचा आणि केनियातल्या फुलांचं माहेरघर नैवाशा. संध्याकाळी खुडलेलं फूल थंड गाडीतून नैरोबी विमानतळावर आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हॉलंडच्या बाजारात. मावळातले शेतकरी व्हॅलेंटाइनच्या आधी ज्या धांदलीत असतात, ती धांदल इथं मोठ्या प्रमाणावर बघा. काही मळे आधी कळवून गेल्यास आत दाखवतात. मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करा.

आमचं मत विचाराल तर मन दोन्हीकडे ओढतं. हजारो माणसांचं, विशेषतः बायकांचं, पोट यावर आहे. त्यांच्या वस्त्या, करागितासारख्या, रस्त्याच्या कडेला दिसतील. तिथं पत्र्याच्या खोल्या आणि पाण्याच्या रांगा आहेत. पाणी तळ्यातूनच उपसलं जातं आणि खतं-औषधांचा निचरा पुन्हा तळ्याकडेच येतो. जलपर्णीला हेच लागतं. ती १९८८ च्या सुमाराला नैवाशात आली आणि वाऱ्याच्या दिशेनं तिचे हिरवे गालिचे इकडून तिकडे सरकत असतात. पुण्याच्या मुळा-मुठेवर जन्म काढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पाण्यात मेलेली झाडं उभी दिसतात. तळं वाढतंय का?

हो, आणि हा प्रश्न फार थोडे पाहुणे विचारतात. ती पिवळ्या सालीची बाभळीच्या कुळातली झाडं. त्यांना ‘फीवर ट्री’ म्हणतात, कारण दलदलीजवळ राहणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांना हिवताप यायचा आणि त्यांनी आळ डासांऐवजी झाडांवर घेतला. काही वर्षांपूर्वी ही झाडं कोरड्या काठावर होती.

नैवाशा मुळातच खालीवर होणारं तळं आहे. २००९ मध्ये पाणी इतकं ओसरलं होतं की तळं संपतंय म्हणून बातम्या यायच्या. दहा-अकरा वर्षांत उलटं झालं. २०२० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये गावातल्या किहोटो वस्तीत पाणी शिरून लोकांना घरं सोडावी लागली, आणि पाण्यासोबत पाणघोडेही गल्ल्यांत आले. रिफ्ट व्हॅलीतली बारिंगो, बोगोरिया, नाकुरू ही तळीही याच काळात वाढली. वरच्या डोंगरांत जास्त झालेला पाऊस हे मुख्य कारण मानलं जातं. जंगलतोडीमुळे वाहून येणारा गाळही तळ उथळ करतो.

पर्यटकाला यातून एवढंच कळायला हवं की नैवाशाचं जुनं वर्णन, जुना नकाशा आणि पाच वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या शेजाऱ्यांचा सल्ला यांवर विसंबू नये. बोटींचे धक्के हलतात, रस्ते बुडतात, काठावरचं उपाहारगृह पाण्यात जातं.

तळ्याच्या पोटातही सगळं उपरं आहे, बरं का. मूळचा एकुलता एक मासा १९६० च्या दशकात नाहीसा झाला. आज ताटात येतो तो टिलापिया बाहेरून आणलेला, बास १९२९ मध्ये अमेरिकेतून, आणि मूळचा तिथलाच लाल क्रेफिश, म्हणजे झिंग्याचा भाऊबंद, १९७० मध्ये. १९३७ ते १९५० या काळात तर इथं विमानंही पाण्यावर उतरत. इंग्लंड ते दक्षिण आफ्रिका या टपाल-प्रवासी मार्गावरचा हा थांबा होता.

शाकाहारी माणसाचं काय?

काही अडत नाही. साध्या खानावळीत चपाती मागा, चपातीच म्हणतात. घडीच्या पोळीची जाडजूड बहीण समजा. सोबत ‘महारागवे’ म्हणजे घेवड्याची उसळ आणि ‘सुकुमा विकी’ ही पालेभाजी. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’, कारण पगार होईपर्यंत तीच परवडते. ‘कचुंबरी’ म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’ आणि चहाला ‘चाय’. रेल्वे बांधायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले होते आणि त्यांच्या आगेमागे व्यापारीही आले. त्या साऱ्या येण्याजाण्याचे शब्द भाषेत राहिले. मांसाहारींनी काठावरच्या टपरीवर तळलेला टिलापिया आणि उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, खावा. हातानं.

नैरोबीहून कसं जायचं?

गाडीनं दीड ते दोन तास. दोन रस्ते आहेत. खालचा, माई माहिऊचा घाटरस्ता जुना आणि ट्रकांनी भरलेला, पण दरीचं पहिलं दर्शन जबरदस्त. घाटात १९४२ मध्ये इटालियन युद्धकैद्यांनी बांधलेलं इवलंसं चर्च आहे, पाच मिनिटं थांबा. व्ह्यू-पॉइंटवरच्या दुकानांत मेंढीचं कातडं घ्यायचा आग्रह होईल. पहिल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून बोलणी सुरू करा. स्वस्तात जायचं तर ‘मटाटू’, म्हणजे आपली वडाप. २०१९ मध्ये सुरू झालेली नवी रेल्वे सुस्वापर्यंत जाते, नैवाशा गावात जात नाही. तिकीट काढण्याआधी हे लक्षात घ्या.

कागदपत्रं आणि लस?

जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. ती लहान मुलांसकट प्रत्येकाची, निघण्याआधी काढायची. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टला टाचून ठेवा. ते कार्ड परत येताना भारतातच मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. नैवाशा उंचावर आहे, पण तुमची पुढची ठिकाणं तशी नसतील.

चिवडा-लाडू आणले तर चालतील का?

आणा, आम्हालाही द्या. पण कॅरीबॅगमध्ये नको. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे आणि स्टीलची बाटली. उद्यानाच्या गेटवर रोख पैसे घेत नाहीत, तेव्हा कार्ड किंवा ऑनलाइन भरण्याची सोय करून निघा.

आजी-आजोबांना झेपेल का?

सकाळची बोट, क्रेसेंट आयलंडचा अर्धा फेरा, एल्सामेअरचा चहा आणि हेल्स गेट गाडीतून, हे सगळं आरामात झेपतं. बोटीत चढता-उतरताना हात धरा, धक्के निसरडे असतात. लोंगोनोट नको. गुडघ्यांना उतार चढापेक्षा महाग पडतो.

तळ्यात पोहता येतं का?

पाणघोड्यांचं उत्तर पुन्हा वाचा.